दातांच्या तारा आणि रात्रीचा ब्रश

प्रश्न

ताई, मी 27 वर्षांची आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहते, ऐरोलीला नोकरी करते. पाच महिन्यांपूर्वी दातांना तारा लावून घेतल्या. वरच्या दातांना सिरॅमिक, खालच्यांना मेटल. दर महिन्याला तार टाईट केली की चार दिवस धड जेवता येत नाही. गालाला आतून टोचतं, सारखं तोंड येतं. खालचं एक ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) दोनदा निघालं. मागच्या शनिवारी रात्री मागची तार गालात घुसली आणि क्लिनिक थेट सोमवारी उघडणार होतं. डबा खाल्ल्यावर दातांत मेथी अडकलेली असताना मीटिंगला बसायची लाज वाटते, म्हणून दुपारचं जेवण जवळजवळ सोडलंय. चहा-बिस्किटांवर भागवते. ब्रॅकेटवर तार धरून ठेवणारी वरची रबरं हळदीने पिवळी पडतात. घरी पोचेपर्यंत साडेनऊ वाजतात, कधी कधी ब्रश न करताच झोप लागते. हल्ली वरच्या दातांवर ब्रॅकेटच्या कडेने पांढुरकं दिसतंय, ते सिमेंट असेल. आत्या म्हणते, हे शाळेच्या वयात करायचं असतं, आता दात खिळखिळे होतील. मैत्रीण म्हणते, अलायनर घे, ते काढता-घालता येणारे पारदर्शक साचे. जानेवारीत भावाचं लग्न आहे. त्याआधी हे सगळं काढून टाकू का?
– स., ठाणे

उत्तर

प्रिय स.,

ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच बोलते.

तुझ्या पत्रात दुखणं आहे, लाज आहे, आत्या आहे, लग्न आहे. आणि या सगळ्याच्या मध्ये एक वाक्य आहे, जे तू बहुधा फारसा विचार न करता लिहून गेलीस: वरच्या दातांवर ब्रॅकेटच्या कडेने पांढुरकं दिसतंय. मला आधी त्याबद्दलच बोलायचं आहे. गालाचं टोचणं थांबतं, दुखणं उतरतं, निघालेलं ब्रॅकेट पुन्हा चिकटवता येतं. ही एक गोष्ट मात्र तारा काढल्यानंतरही दातावर राहू शकते.

ते सिमेंट असू शकतं, नाही असं नाही. ब्रॅकेट चिकटवतात त्या कॉम्पोझिटचा थोडासा भाग कधी कधी कडेला उरतो. पण तो पहिल्या दिवसापासून दिसला असता. तू ‘हल्ली’ असं लिहिलं आहेस, म्हणून मला काळजी वाटते. आज घरी गेलीस की एक कर. ब्रश करून झाल्यावर वरचे पुढचे दात टिश्यूने कोरडे कर आणि चांगल्या उजेडात आरशात बघ. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्टीत खडूसारखा, चमक नसलेला पांढरा डाग दिसला, तर दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, तिथे विरघळायला लागलं आहे असं समज. किडीची ही पहिली पायरी. अजून खड्डा पडलेला नसतो आणि दुखतही नाही, त्यामुळे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

हे होतं कसं ते नीट समजून घे, कारण उपाय त्यातच आहे. दातांवर बसलेल्या चिकट थरातले जंतू साखर आणि मैदा खाऊन आम्ल तयार करतात. त्या थराचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतं. नंतर लाळ हळूहळू ते आम्ल निवळते आणि गेलेली खनिजं थोडीफार परत भरते. तोंडात दिवसभर हीच देवाणघेवाण चालू असते. एरवी जीभ, गाल आणि लाळ दातांचा पुढचा भाग पुसत असतात. ब्रॅकेट आलं की त्याच्या कडेला असा आडोसा तयार होतो जिथे यातलं काहीच पोचत नाही. साफसफाई कमी पडली तर असे डाग चार आठवड्यांतही दिसू लागतात. तुला तर पाच महिने झाले आहेत.

आता तुझा दिवस बघ. दुपारचं जेवण नाही, त्याऐवजी चहा-बिस्किटं, तीही थोड्या थोड्या वेळाने. प्रत्येक गोड घोटाबरोबर आम्लाचा एक फेरा सुरू होतो आणि तो निवळायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तो निवळतो न निवळतो तोच पुढचा कप. वर रात्री ब्रश न करता झोप. झोपेत लाळ अगदी कमी होते, म्हणजे दिवसा निदान जी मदत मिळते तीही रात्री नाही. दातांना त्रास होऊ नये म्हणून तू जेवण सोडलंस, आणि त्यानेच दातांचं जास्त नुकसान होतंय. डबा परत सुरू कर. पोळी-भाजी, वरण-भात, दही, जे असेल ते नीट जेव आणि मग तोंड धू. गोड चहा हवाच असेल तर जेवणाला लागून घे आणि एकदाच घे. मधल्या वेळेस पाणी.

पांढुरकं दिसतंय हे फोन करून डॉक्टरांना आजच सांग, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. ते तपासून फ्लोराइडचं व्हार्निश लावतील किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून देतील. सुरुवातीचे डाग बरेचसे थांबवता येतात, काही फिकेही होतात. खड्डा पडला की मात्र फिलिंगला पर्याय नाही. आणि हेही स्पष्ट सांगते: सफाई सुधारत नसेल तर चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा तज्ज्ञ, स्वतःच उपचार थांबवतो, प्रसंगी तारा काढतो. वाकडे पण निरोगी दात सरळ पण किडलेल्या दातांपेक्षा बरे, या मताची मी आहे.

तू दमतेस हे मला कळतं. ठाणे स्टेशनवर उतरून वर्तकनगरपर्यंत रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं आणि मग घरी जाऊन दहा मिनिटं दात घासायचे, हे सोपं नाही. म्हणून एक बदल सुचवते. ब्रश झोपण्याच्या आधी करायचा हा विचारच सोड. जेवणाचं ताट उचललं की थेट बेसिन. पलंगावर टेकलीस की संपलं. त्यानंतर फक्त पाणी.

घासण्याची पद्धत अशी. रबरबँड लावायला दिले असतील तर आधी ते काढ. पाण्याने जोरात चूळ भर, अडकलेलं अर्धं अन्न तिथेच निघतं. मग इंटरडेंटल ब्रश घे, म्हणजे तो बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश. तो तारेच्या खालून दोन ब्रॅकेटच्या मध्ये घाल, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. यानंतर मऊ ब्रिसल्सचा साधा किंवा ऑर्थो ब्रश. तो आधी हिरडीच्या रेषेवर तिरका, साधारण 45 अंशांत धर. वरच्या दातांना ब्रॅकेटच्या वरची ही पट्टीच सगळ्यात जास्त सुटते, आणि तुझे डाग तिथेच असणार. मग ब्रॅकेटवर, मग ब्रॅकेटच्या खाली, मग चावायचा पृष्ठभाग, शेवटी आतली बाजू. जोर लावू नकोस, वेळ दे. थुंकून टाक, पण नंतर भरभरून चुळा भरू नकोस, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहील. तुझ्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलं आहे का तेही बघ, साधारण 1000 पीपीएम असतं. बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये ते नसतं, आणि तारा असताना मी तशी पेस्ट वापरू देत नाही. कोळशाची पावडर, मंजन, मिश्री यांच्या जवळही जाऊ नकोस.

दुपारी ऑफिसात एवढं सगळं करायची गरज नाही. पर्समध्ये एक छोटी डबी ठेव. त्यात इंटरडेंटल ब्रश, छोटा आरसा आणि टोचणाऱ्या तारेवर लावायचं वॅक्स, म्हणजे मऊ मेण. जेवण झालं की वॉशरूममध्ये दोन मिनिटं. 0.05 टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश डॉक्टरांनी दिला तर तो दुपारच्या वेळेला ठेव, रात्रीच्या ब्रशनंतर लगेच नको. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश मात्र स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने वापरू नकोस, त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. आणि लाजेचं म्हणशील तर, ऐरोलीच्या त्या मोठमोठ्या ऑफिसांत तारा लावलेली तू एकटी नाहीस. माझ्याकडे येणाऱ्यांत पंचविशी-तिशीचे कितीतरी जण असतात. आपली नोकरी लागल्यावर, आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने केलेली ही पहिली गोष्ट असते अनेकींची. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता दुखण्याकडे वळू. तार टाईट केल्यावर काही तासांत ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी तो सगळ्यात जास्त असतो आणि चार-पाच दिवसांत उतरतो. म्हणून शक्य असेल तर शुक्रवारी संध्याकाळची वेळ मागून घे, वाईट दिवस शनिवारी घरात निघेल. त्या दोन दिवसांसाठी मऊ खिचडी, दूध-भात, उपमा, मऊ पोहे (दाणे काढून) ठरवूनच ठेव. गोळी लागलीच तर बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट पॅरासिटामॉल सुचवतात. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या ज्या दाहाला थोपवतात, दात सरकायला तोच थोडा हवा असतो. तरी तुला काय चालतं, किती चालतं, हे डॉक्टरांना विचारूनच घे.

दात सरकतो म्हणजे हाडातून नांगरत जात नाही. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. तारेने हलका, सतत दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागे ओढ पडते तिथे नवं हाड भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढाच वेग. जास्त जोर लावून तो वाढत नाही, उलट मुळांना इजा होते. दीड ते दोन वर्षं लागतात ती यामुळे. आत्याला म्हणून सांग, दात आता हलतात हे खरं, ते हलायलाच हवेत, आणि काम संपलं की पुन्हा घट्ट होतात. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर वयाची आडकाठी नाही. शाळेच्या वयात जबडा वाढत असतो, त्याचा फायदा घेता येतो, आणि मोठेपणी जबड्याचाच दोष असेल तर शस्त्रक्रिया लागू शकते. दात ओळीत आणायचं काम मात्र कोणत्याही वयात होतं.

शनिवारी रात्री गालात घुसलेल्या तारेची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण त्यात एक चांगली खबर दडलेली आहे. दात जवळ आणि सरळ येतात तशी तारेची उरलेली लांबी मागच्या दाढेच्या नळीतून बाहेर डोकावते. म्हणजे तुझे दात सरकत आहेत. पुन्हा असं झालं तर आधी तो भाग टिश्यूने कोरडा कर, वाटाण्याएवढं वॅक्स बोटांत मळून त्या टोकावर घट्ट दाब. ओल्या जागी ते चिकटत नाही, बहुतेकांची तक्रार याच कारणाने असते. पोटात गेलं तरी काही होत नाही. पातळ तार असेल तर पेन्सिलीच्या मागच्या स्वच्छ रबराने हलकेच दाताकडे वळवून बघ. कापायचा प्रयत्न एकटीने करू नकोस, तुकडा घशात जाण्याची भीती असते. कधी एखादा तुकडा गिळला गेलाच तर बहुधा तो शौचावाटे निघून जातो, पण डॉक्टरांना कळव. खोकला थांबेना किंवा श्वासाला अडथळा वाटला तर मात्र वेळ न घालवता हॉस्पिटल गाठ.

तोंड आलं असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ, आणि टोचणाऱ्या जागी वॅक्स. दोन आठवड्यांत जो फोड बरा होत नाही तो दाखवायचाच.

एकच ब्रॅकेट दोनदा निघालं, हे मला खटकलं. खालचं आहे आणि तेच तेच आहे, म्हणजे वरचा दात चावताना त्याच्यावर आपटत असण्याची दाट शक्यता आहे. डॉक्टरांना ‘बाईट तपासा’ असं सांग. गरज पडली तर ते दाढांवर थोडं कॉम्पोझिट लावून चावा तात्पुरता उघडा ठेवतात. निघालेलं ब्रॅकेट तारेवर फिरत असेल तर तसंच राहू दे, ओढून काढू नकोस, घरातल्या कुठल्याही गोंदाने चिकटवू तर अजिबात नकोस. पण फोन लगेच कर. ब्रॅकेट निघालं की त्या दाताचं काम थांबतं, आणि आठवडे वाढत जातात.

ब्रॅकेट निघायचं दुसरं कारण खाणं. दिवाळी येते आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. चकली, कडबोळी, कडक शंकरपाळी, शेव या वर्षी नाही. बेसनाचा लाडू, रव्याचा लाडू, करंजी चालेल, पण खाऊन झाल्यावर ब्रश. पातळ पोह्यांचा चिवडा दाणे आणि खोबऱ्याचे काप बाजूला काढून. संक्रांतीला तिळाची वडी आणि चिक्की नको. पेरू, सफरचंद, गाजर बारीक फोडी करून मागच्या दातांनी खा, पुढच्या दातांनी तोडायचं नाही, मग तो वडापाव असला तरी. तलावपाळीवर फिरायला गेलीस तर कणीस दाताने सोलू नकोस, दाणे हाताने काढून खा, तेही कोवळं असेल तर. ऊस नाही, बर्फ चावणं नाही, सुपारी नाही. भाकरी ताजी, मऊ आणि आमटीत कुस्करून. शेवग्याची शेंग चोखायची नाही, गर चमच्याने काढायचा. मटणाची नळी आणि खेकड्याची नांगी दातांनी फोडणं विसर, मासे मात्र काटे काढून खुशाल खा. मिसळ चालते, फरसाण रश्श्यात पूर्ण भिजू दे, पण तोंड आलेलं असताना मिसळीच्या वाटेला जाऊ नकोस. आणि तुझी मेथी: पालेभाज्यांचे देठ तारेला गुंडाळले जातात, त्यामुळे ऑफिसच्या डब्यात अगदी बारीक चिरलेली किंवा डाळीत शिजवलेली भाजी ने. मेथी-शेपू रविवारी घरी.

अलायनरबद्दल थोडक्यात. बऱ्याच केसेसमध्ये ते छान काम करतात, पण दिवसातून 20 ते 22 तास घालावे लागतात आणि काही खाल्लं की दात घासून परत लावावे लागतात. ज्या सवयीची तुला अडचण येते, तीच तिथेही हवी. पाच महिने झालेले उपचार मोडून तिकडे वळावं असं मला वाटत नाही. एक्स-रे न काढता, डॉक्टरने तोंड न बघता कुरिअरने घरी येणारे साचे तर कुणीच घेऊ नयेत.

खर्चाचा विषय तू काढला नाहीस, पण इतर वाचकांसाठी सांगते. नवी मुंबईत नेरूळ, खारघर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत, मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलचं. तिथल्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हेच उपचार खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात करतात. फेऱ्या आणि थांबणं जास्त, काम चोख.

तर मग, काढून टाकू का? नको. दात आत्ता सैल आहेत. हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला जवळजवळ वर्ष घेतात, त्याआधी आधार काढला की ते दातांना जुन्या जागेकडे ओढतात. पूर्ण उपचारानंतरही दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लावायचा असतो तो याचसाठी. पाच महिन्यांचा त्रास, पैसे, सगळं वाया जाईल, आणि लग्नाच्या फोटोत दात धड ना इकडचे ना तिकडचे दिसतील.

लग्नासाठी असं कर. जानेवारीची अपॉइंटमेंट अशी घे की लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी तार टाईट होऊन ठणका उतरलेला असेल, आणि त्याच वेळी मागची टोकं तपासून घे. पारदर्शक रबरं हळद, केशर, चहा सगळं शोषतात, दोन जेवणांत पिवळी होतात, आणि लग्नघरात हळद टाळणं तर शक्यच नाही. म्हणून वरती फिकट राखाडी किंवा मोतिया रंगाची रबरं मागून घे. ती डाग कमी दाखवतात आणि सिरॅमिकवर डोळ्यात भरत नाहीत. तरीही पिवळी पडलीच तर मुहूर्ताच्या आदल्या दिवशी फक्त रबरं बदलून मिळतील का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, पण लग्नसराईत ऐन वेळी नंबर लागत नाही. फोन करशील तेव्हा आधी पांढऱ्या डागांचं सांग, मग रबरांचं.